बारावी ओळ

चहाचं बटण दाबलं आणि सूप आलं.

तिने कप नाकाशी नेला, मग बटणावरचं अक्षर पुन्हा वाचलं. चहाच. कपात मात्र टोमॅटोच्या रंगाचं, मिरीचा वास मारणारं काहीतरी वाफाळत होतं. सकाळचे जेमतेम दहा वाजले होते.

“चहा हवा असेल तर कॉफी दाबायची,” मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. दाराच्या चौकटीला टेकून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा होता. ओल्या छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलेलं, मुठीवर दोन्ही हात, आणि चेहरा असा, की जणू मशीनचं हे वागणं जगाला समजावून सांगण्यासाठीच त्याची नेमणूक झालेली आहे.

“आणि सूप हवं असेल तर?”

“चहा दाबायचा. तुम्ही दाबलात तसा.”

“आणि कॉफी?”

“कॉफीची आशा सोडायची,” तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला हसू आवरेना.

“मग लेबलं बदलून का टाकत नाही कुणी?”

“मी टाकली होती. दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीवाला आला आणि मशीन नीट करून गेला. आठवडाभर सगळा मजला माझ्या नावाने खडे फोडत होता. मग लेबलं पुन्हा फिरवली, तर मशीन पुन्हा बिघडलं. आता मी त्या वाटेला जात नाही.” त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. “तुम्ही वरच्या मजल्यावरच्या? म्हणजे… कंपायलरवाल्या?”

“हो.”

“म्हणजे चार दिवस मी ज्यांना शिव्या घालतोय, त्या तुम्हीच!”

ती चिडली. खरंच चिडली. कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, बनवणाऱ्या त्या पाच जणांच्या गटात तपासणीचं काम तिच्याकडे होतं. गटाचा म्होरक्या, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने तिचं नाव ‘चाळणी’ ठेवलं होतं; तिच्या हाताखालून चुकीचं काही निसटत नाही म्हणून. ते नाव ती मिरवायची.

“आमचा कंपायलर भलतंसलतं पास करत नाही,” ती म्हणाली.

“करतो.”

“नाही करत.”

“पैज?” त्याने तिच्या हातातल्या कपाकडे बोट दाखवलं. “जो हरेल त्याने ते प्यायचं. संपवायचं.”

साडेअकरा वाजता, त्याच्या टेबलाशी उभं राहून, गार झालेलं ते सूप तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. त्याने फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या दिवसापासून तिच्या मनात त्याचं नाव ‘सूप’ पडलं, आणि पुढे चारचौघांतही तेच झालं.

तो ज्या प्रोग्रामवर काम करत होता तो एका प्रवासी कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयासाठी होता. गाड्यांमध्ये विसरलेल्या छत्र्या, किल्ल्या, चष्मे, पिशव्या तिथे जमा व्हायच्या. प्रत्येक प्रकाराची वेगळी पेटी. प्रोग्राममध्ये ‘पेटी’ एकदाच लिहायची आणि वापरताना तिच्यावर लेबल लावायचं: ही किल्ल्यांची, ही छत्र्यांची. याला जेनेरिक म्हणतात. प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर सगळी लेबलं तपासतो, आणि किल्ल्यांच्या पेटीत छत्री घालणारी एखादी ओळ दिसली की तिथल्या तिथे अडवतो. एकदा तपासणी झाली की लेबलं पुसून टाकतात. चालताना त्यांची गरज उरत नाही, कारण तपासणारा चुकत नाही असा विश्वास असतो. तिची नोकरी म्हणजे तो विश्वास.

आणि त्याच्याकडे रोज संध्याकाळी पाच वाजता, कार्यालयातल्या वस्तूंची मोजदाद सुरू झाली की, किल्ल्यांच्या पेटीतून एक छत्री निघत होती आणि सगळं कोसळत होतं.

“कितीतरी वेळा वाचलं मी,” तो म्हणाला. “माझी चूक असती तर मी आनंदाने कबूल केली असती. लाज वाटली असती, पण झोप तरी लागली असती.”

चूक त्याची नव्हती. पण होती कुठे? चाळीस हजार ओळींचा प्रोग्राम. अशा वेळी एकच रीत असते. एक ओळ काढायची आणि बघायचं, बग, म्हणजे ती चूक, अजून आहे? आहे, म्हणजे ती ओळ निर्दोष, ती गेली कायमची. बग नाहीसा झाला तर ओळ परत ठेवायची आणि दुसरी काढायची. असं कमी कमी करत जायचं, शेवटी उरतं ते फक्त दुखणं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी हजारोंनी ओळी काढल्या. मग शेकड्यांनी. मग खेळ हळू झाला. सकाळी तो काढायचा आणि फाईल वर पाठवायचा. दुपारी ती काढायची आणि खाली पाठवायची. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तीही बहुधा निर्दोष ओळ असावी.

प्रोग्राममध्ये काही ओळी यंत्रासाठी नसतातच. दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि पुढे काहीही लिहायचं. कंपायलर तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्यांना कॉमेंट म्हणतात, आणि त्या पुढे वाचणाऱ्या माणसासाठी असतात. एक दिवस फाईलच्या मध्येच तिला अशी ओळ दिसली: ‘ही छत्री काळी आहे. मूठ तुटलेली आहे. तरी कुणीतरी तिची वाट बघत असेल.’

तिने हसून खाली लिहिलं, ‘कामाचं बोल,’ आणि मग दोन्ही ओळी काढून टाकल्या. पण त्याआधी तशीच फाईल त्याला पाठवली.

दुसऱ्या दिवशी: ‘कामाचं: आज तू निळं नेसलीयस. जिन्यात दिसलीस.’

‘हे कामाचं?’

‘बगचा तपास करताना काहीही नजरेतून सुटता कामा नये, असं तूच म्हणालीस.’

असं सुरू झालं. ती प्रत्येक कॉमेंट वाचायची, खाली उत्तर लिहायची, आणि त्याने ते वाचलं की मगच ती ओळ जायची. दुपारी फाईल यायची वेळ झाली की तिचं बोट उगाचच टेबलावर ताल धरायचं. दादाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“काय गं चाळणी, बग सापडला की बिळात शिरला?”

“सापडतोय हळूहळू.”

“हळूहळूच सापडू दे,” दादा म्हणाला. “घाई नाही कुणाला.”

एकदा संध्याकाळी दोघं बरोबरच बाहेर पडली. पाऊस असा, की लगेच भिजवत नाही पण चष्म्याच्या काचेवर बसून राहतो. छत्री एकच होती, आणि तो ती इतकी तिच्या बाजूला कलती धरत होता की त्याचा उजवा खांदा पार काळा झाला.

“भिजतोयस.”

“छत्री लहान आहे.”

“छत्री लहान नाहीये. तू वाकडी धरलीयस.”

“बग असेल,” तो म्हणाला. आणि थोडं चालल्यावर, “तुला माहितीये, किल्लीसाठी माणसं त्याच दिवशी धावत येतात. घामाघूम होऊन. छत्रीसाठी कुणी येतच नाही. त्यांना वाटतं… गेली असेल, कोण ठेवतंय! आणि ती तिथे असते. वर्षभर ठेवतात ते लोक. रोज मोजतात.”

“आणि वर्षानंतर?”

“ज्याला हवी त्याला देऊन टाकतात.”

त्या दिवशी तो घरापर्यंत आला. दार आत्याने उघडलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आई गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी, आणि तोंडाची फटकळ. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “हाच का तो सूप? मला वाटलं पातळ असेल, हा तर नुसता उंच आहे.”

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. चौतीस वर्षं त्यांनी रुग्णालयाच्या औषधखोलीत काढली होती. बाटली फळीवरून उचलताना लेबल वाचायचं, औषध देताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. ती सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की निवृत्तीनंतर ते बिस्किटाचा पुडाही तीनदा वाचत. त्याने आणलेला पुडाही त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचला, उलटवून पुन्हा वाचला, आणि मगच फोडला.

“मला सांगा,” ते त्याला म्हणाले, “तुम्ही एकेक ओळ काढत जाता म्हणे. आणि काढलेली ओळ लागणारी होती हे मागाहून कळलं तर?”

“जुनी फाईल असते ना काका. प्रत्येक वेळची. काढलेलं काहीच जात नाही, सगळं राहतं तिथे.”

“राहतं खरं,” बाबा म्हणाले, “पण बघायला जातं का कुणी?”

त्यावर तो हसला. बाबाही हसले. आत्या म्हणाली, “चहा गार होतोय, पंडितांनो.”

पुढच्या आठवड्यात बाबांच्या छातीत पाणी झालं.

रुग्णालयाची ती खोली तिला अजूनही हाताच्या तळव्यासारखी माहीत आहे. दोन खाटा, त्यांतली एक रिकामी. पडद्याच्या तीन कड्या निखळलेल्या. खिडकीखाली गाड्या उभ्या करायची जागा. ज्या इमारतीत बाबांनी उमर काढली तिथेच ते आता निजले होते, आणि नर्स औषध घेऊन आली की श्वास पुरत नसतानाही मान उचलून बाटलीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न करत होते. दिवसा ती असायची आणि रात्री आत्या. मांडीवर लॅपटॉप घेऊन जमेल तेवढं काम करायची. फाईल रोज येत होती. चौतीस ओळी. सव्वीस. एकोणीस.

वाचायला उसंत नव्हती. म्हणून एका दुपारी तिने एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं झाडू. फाईल द्यायची, तो कॉमेंट आणि रिकाम्या ओळी झाडून काढणार, बग आहे की नाही ते तपासणार आणि फाईल परत पाठवणार. उघडून बघायचीसुद्धा गरज नाही. त्या गुरुवारी फाईल आली तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. तिने उभ्याउभ्याच झाडू फिरवला.

पडद्यावर आलं: काढलेल्या कॉमेंट – एक. उरलेल्या ओळी – अकरा. बग – आहे.

अकरा! चाळीस हजारांच्या अकरा. आणि अकरा ओळींत ते दुखणं उघडंनागडं दिसत होतं. पेटीच्या आत दुसरी पेटी ठेवली की कंपायलर फक्त बाहेरच्या पेटीचं लेबल वाचत होता. आतलं न वाचताच ‘ठीक आहे’ म्हणत होता. तिने घाईघाईत त्याला लिहिलं, ‘अकरावर आलो! सगळं साफ केलं. पुढचं मी बघते,’ आणि डॉक्टरांच्या मागे बाहेर गेली.

‘एक’ हा आकडा तिने पाहिला होता. पाहिला नव्हता असं ती स्वतःलाही सांगू शकत नाही.

शनिवारी तो रुग्णालयात आला. हातात फळांची पिशवी आणि चेहऱ्यावर काहीतरी नीट घडी घालून ठेवल्यासारखं. बाबा डोळे मिटून पडले होते. दोघं खिडकीपाशी उभी राहिली.

“मी जातोय,” तो म्हणाला. “दुसरी नोकरी आहे. लांब… समुद्रापलीकडे. काल होकार कळवला.”

सहा दिवसांची झोप थकलेली होती, आणि न सांगता होकार कळवून मोकळा झालेल्या माणसाला माणूस काय म्हणणार?

“अरे वा,” ती म्हणाली. “चांगली बातमी.”

“हं.” तो खाली उभ्या असलेल्या गाड्या बघत राहिला. मग अगदी सहज विचारल्यासारखं, “ती फाईल… शेवटची. तू नीट बघून साफ केलीस ना?”

आता विचार केला की तिला वाटतं, साऱ्या आयुष्याने त्या एका प्रश्नाशी येऊन तिच्याकडे तोंड वळवलं होतं. पण तेव्हा तिला एवढंच ऐकू आलं की हा माझ्या कामावर शंका घेतोय. चाळणीच्या कामावर! सहा दिवस मी इथे बसून, या मांडीवर…

“एकेक ओळ वाचून काढली,” ती म्हणाली. “उगीच चाळणी म्हणतात का मला?”

त्याने मान हलवली. दोनदा. मग पिशवीतलं एक संत्रं काढून खाटेशेजारच्या टेबलावर ठेवलं, आणि ते घरंगळू नये म्हणून त्याला पेल्याचा टेकू दिला. एवढं करून तो गेला.

“एकेक वाचलीस?” बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

“झोपला नव्हतात तुम्ही?”

“वाचलीस का?”

“बाबा, यंत्राने काढल्या. कॉमेंट वाचून काय करायचंय? बग त्यात नसतोच.”

बाबा थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. “मग तसं सांगायचं,” ते म्हणाले.

तो निघाला त्या दिवशी ती निरोपाला खाली गेली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून तिने त्याचा आवाज ऐकला, सगळ्यांशी हसत बोलणारा. दादा म्हणाला, जाऊन ये की दोन मिनिटं. ती म्हणाली, काम आहे. त्याची पहिली दोन पत्रं आली, सरळसाधी, तिकडच्या हवेबद्दल. उत्तरात तिनेही इकडची हवा कळवली. मग हवेचाही विषय संपला.

बाबा घरी आले. दहा महिने खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. एकदा म्हणाले, “तो सूप परत आला नाही?” ती म्हणाली, “तो लांब गेलाय, बाबा.” “हो का,” ते म्हणाले, आणि हातातली गोळ्यांची पट्टी वाचू लागले. एका सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलेला होता. तिने टेबलावरच्या बाटल्या एकेक करून उचलल्या, प्रत्येकीचं लेबल वाचलं आणि खोक्यात ठेवल्या. आता ते वाचण्यात काही अर्थ नव्हता. पण न वाचता ठेवणं तिच्याने झालं नाही.

बग दुरुस्त व्हायला दीड वर्ष लागलं. दुरुस्ती सोपी होती, पण ती केली की बाहेरच्या लोकांचे कितीतरी जुने प्रोग्राम अडले असते, म्हणून पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबायचं ठरलं होतं. ती वेळ आली. दुरुस्तीबरोबर त्या अकरा ओळी कंपायलरच्या कायमच्या चाचण्यांमध्ये जाणार होत्या. चाचणी अशी, की हा प्रोग्राम दर वेळी नाकारला गेलाच पाहिजे. एखाद्या दिवशी स्वीकारला गेला तर काहीतरी बिघडलं असं समजायचं. सोबत दोन ओळींची नोंद लागते, बग कुणी शोधला, केव्हा. तारीख बघायला तिने फाईलच्या जुन्या प्रती उघडल्या.

शेवटची प्रत, अकरा ओळी. तिच्या आधीची, त्याने गुरुवारी सकाळी पाठवलेली – बारा.

सातव्या ओळीवर दोन तिरप्या रेघा होत्या.

‘लांबच्या एका नोकरीचं बोलावणं आलंय. उद्यापर्यंत कळवायचंय. काकांचं असं चाललेलं असताना तोंडाने विचारून तुला पेचात टाकायचं नाही, म्हणून इथे विचारतो. तू थांब म्हणालीस तर थांबतो, इथेच, तुझ्याजवळ, कायमचा. फक्त “थांब” लिही खाली. नसेल म्हणायचं तर ही ओळ काढून टाक. मी पुन्हा विचारणार नाही, तोंडही पाडणार नाही. सूप आहेच.’

तिने ती ओळ वाचली. मग बाबा वाचायचे तशी पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. बाहेर दुपार होती, कुणीतरी मशीनशी झगडत होतं, आणि कुणीतरी त्याला सांगत होतं की चहा हवा असेल तर कॉफी दाब.

दोन दिवसांनी तिने फोन केला. काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. बग गेला, एवढंच कळवू, असं ती स्वतःला बजावत होती.

“चाळणी!” पलीकडून तोच आवाज, तसाच. “अगं, किती दिवसांनी! काय म्हणतोय आपला बग?”

“गेला. तुझ्या नावावर लावलाय.”

“माझ्या कशाला? निम्म्या ओळी तू काढल्यास.” तो हसला. “काका कसे आहेत?”

“गेले. आठ महिने झाले.”

तो हळूच म्हणाला, “कळवलं नाहीस मला.”

“कळवायचं होतं…”

“त्यांनी विचारलेलं आठवतं मला. काढलेली ओळ लागणारी होती हे मागाहून कळलं तर, म्हणून.” मग म्हणाला, “सहा महिन्यांपूर्वी लग्न केलं मी. तुला सांगावं की नाही, कळेना. आणि खरं सांगू? एका गोष्टीसाठी तुझे उपकार आहेत माझ्यावर. दुसरी कुणी असती तर टोलवत राहिली असती. तू वाचलंस आणि सरळ उत्तर दिलंस. ते फार… स्वच्छ होतं. त्यामुळे मला पुढे जाता आलं.”

आता ‘हं’ म्हणून फोन ठेवता आला असता. तो सुखात होता, आणि त्याच्या मनात तिची एक चांगली मूर्ती होती. पण ती मूर्ती तिची नव्हती. बाई भलतीच होती, लेबल तेवढं तिचं होतं.

“मी वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“फाईल उघडलीच नाही. कॉमेंट झाडून काढणारा प्रोग्राम लिहिला होता मी, वेळ मिळत नव्हता म्हणून. त्याने काढली. मला परवा दिसली ती ओळ. परवा.”

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्याकडे की त्याच्याकडे, कळलं नाही.

“पण मी विचारलं होतं,” तो म्हणाला. “खिडकीपाशी. तू म्हणालीस, एकेक ओळ…”

“खोटं बोलले.”

“का?”

“मिजास. दुसरं काही नाही. तेव्हाच तसं सांगायला हवं होतं. बाबा म्हणालेही होते.”

मग त्याने विचारलं, इतक्या खालच्या आवाजात की आधी तिला वाटलं त्याने विचारलंच नाही, “वाचलं असतंस तर?”

ती उत्तर देणार तेवढ्यात पलीकडे कुठेतरी दार वाजलं, आणि एका बाईचा हसरा, धापा टाकत आलेला आवाज आला, “अरे, किल्ली तुझ्याकडे आहे का? मी सगळं घर पालथं घातलं!”

“खुंटीवर आहे बघ,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात लपवालपवी नव्हती. नुसतं घर होतं. “निळ्या कोटाच्या मागे.”

“जा तू,” ती म्हणाली. “शोधतायत त्या.”

“सापडली असेल तिला.” तो घुटमळला. “बरं केलंस… सांगितलंस ते.”

“छत्री घेऊन बाहेर पडत जा,” ती म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. “आणि सरळ धर.”

तो हसला असावा. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. कायमच्या चाचण्यांमध्ये जाणारी प्रत्येक फाईल दुसऱ्याने डोळ्यांखालून घालायची, असा त्यांच्याकडे नियम होता. आत्याने डब्याबरोबर दिलेला बिस्किटांचा पुडा दोघांच्या मध्ये उघडा होता.

“अकरा म्हणाली होतीस ना? बारा आहेत.”

“हो.”

दादा पडद्याकडे वाकला. सातव्या ओळीवर दोन तिरप्या रेघा होत्या, आणि पुढे लिहिलं होतं: ‘इथे एक ओळ होती. न वाचता काढली.’

“हे काय? झाडू फिरवायचा राहिला वाटतं,” तो म्हणाला. “कंपायलर तर हिच्याकडे बघणारही नाही. काढून टाकतो.” आणि सवयीने त्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं.

“थांब,” ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. इतका सोपा होता तो.

दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.